शिडाच्या रिमोट बोटींची शर्यत, खिशाला परवडेल अशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मी माझी बोट टेबलावर मांडली, तर पोरांपेक्षा बापांचीच गर्दी झाली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात. इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या आमच्या छोट्या क्लबात नवीन येणाऱ्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे उत्तरं तोंडपाठ झालीत. ती एकदाची लिहून काढते. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत ठेवलेत. रकमा पौंडांत आहेत आणि दुकानागणिक थोड्या खालीवर होतील.

१. या मोटरवर सुसाट पळणाऱ्या बोटी का?

नाही. आमच्या बोटी निव्वळ वाऱ्यावर चालतात. रिमोटवर दोनच दांड्या कामाच्या असतात: एकीने सुकाणू वळतं, दुसरीने शिडांची दोरी ताठ किंवा सैल होते. पुढचं आणि मागचं शीड एकदमच हलतं. पाण्यात बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, टाकून मार्ग आखलेला असतो आणि आपण काठावर चालत चालत बोट हाकतो. एक शर्यत दहा-पंधरा मिनिटांची. रविवारच्या एका सकाळी आठ-दहा तरी होतात.

मोटरच्या बोटींचे क्लब वेगळे आहेत आणि तो खेळही झकास आहे. पण तिथे लिथियमचे पॅक, चांगला चार्जर, स्पीड कंट्रोलर, धडकेत वाकणारे पंखे असा खर्च सतत चालू राहतो. स्वस्तात शर्यत हवी असेल तर वारा बरा, त्याचं बिल येत नाही.

२. एकूण खर्च किती? गोलमाल उत्तर नको, आकडा सांगा.

आमच्याकडे नवख्यांसाठी डीएफ-६५ ही एकच बोट चालते. पूर्ण नाव ड्रॅगन फोर्स ६५, लांबी ६५ सेंटिमीटर, बनवणारी कंपनी जॉयसवे. रिमोटसकट नवीन बोट साधारण २०० ते २५० पौंडांत येते. माझ्या वहीत पहिल्या वर्षाचा हिशोब असा आहे: जुनी बोट १२०, चार्ज होणारे सेल आणि चार्जर २५, शिडावर चिकटवायचे आकडे ४, टेप आणि दोरी ६, क्लबची वर्गणी ४०. एकूण १९५. दुसऱ्या वर्षी वर्गणी सोडून ३० पौंडही लागले नाहीत.

घरून तलावापर्यंत जायचं पेट्रोल वेगळं. ते कोणीच धरत नाही, मीही धरलेलं नाही.

३. ऑनलाइन तशीच दिसणारी ६० पौंडांना मिळते. मग ही कशाला?

दिसायला सारखी असली तरी शर्यतीत ती चालणार नाही. इथे सगळ्यांच्या बोटी सारख्याच असतात आणि त्या सारख्याच राहाव्यात यासाठी नियम आहेत. सांगाडा, किल (बोटीच्या पोटाखालचं उभं पातं) आणि सुकाणू कारखान्यातून आलं तसंच ठेवायचं. तासायचं नाही, घासून हलकं करायचं नाही. यातूनच पैसे वाचतात, कारण शेजाऱ्याने तिप्पट खर्च केला तरी त्याची बोट तुमच्यापेक्षा वेगळी होत नाही.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. माझ्या दिराने तसली स्वस्त बोट घेतली. तिसऱ्या महिन्यात शीड ओढणारा सर्व्हो, म्हणजे आतली छोटी मोटर, गेला आणि विकणाऱ्याने कळवलं की सुटा भाग नाही, नवीन बोट घ्या. डीएफ-६५ चा एकेक भाग, अगदी टाचणीएवढी कडीसुद्धा, वेगळी विकत मिळते.

४. बोट घेण्याआधी हातात घेऊन बघता येईल का?

येईल, आणि तसंच करा. बहुतेक क्लबांत एखादी उधारीची बोट असते, आमच्याकडे दोन आहेत. पहिल्या तीन खेपा आम्ही पैसे घेत नाही. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे सेल चार्ज करून ठेवता येतात. थेट दुकानात जाऊन बोट घेऊन आलेले निम्मे लोक नंतर म्हणतात की आमच्या गावच्या क्लबात तर दुसऱ्याच बोटी चालतात. म्हणून आधी तलावावर जा, तिथे काय पळतंय ते बघा आणि मगच पाकीट काढा.

५. जुनी बोट घ्यायची तर काय काय तपासायचं?

घरून निघताना आठ सेल आणि एक छोटा टॉर्च सोबत घ्या. बोट कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं किंवा काही सुटं वाजलं तर ते काय आहे ते विचारा. झाकण उघडून टॉर्च मारा. तारांच्या टोकांवर हिरवट पूड दिसली तर पाणी जाऊन वाळलंय असं समजा. हा दोष जीवघेणा नाही, पण किंमत २० पौंडांनी पाडायला चांगलं कारण आहे.

मग सेल घालून रिमोट सुरू करा. सुकाणू दोन्ही बाजूंना सारखं वळायला हवं. शिडांची दोरी पूर्ण ताठ करून सर्व्होचा आवाज ऐका. तो सतत कण्हत असेल तर ताण चुकीचा आहे किंवा दाते झिजलेत. शेवटी किलच्या टोकाचा शिशाचा गोळा धरून हलकेच हलवून बघा. किल सांगाड्यात डुगडुगता कामा नये.

शिडांना चुण्या असतील तर फार मनावर घेऊ नका, शिडं बदलता येतात. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: का विकताय? "मोठी बोट घेतली" हे सगळ्यात चांगलं उत्तर.

६. वर्गणी आणि विम्याचं काय?

क्लबागणिक फरक आहे. इथे बहुतेक क्लब मॉडेल यॉटिंग असोसिएशनला जोडलेले असतात. ही संस्था १९११ पासूनची आहे. आपल्या बोटीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा सभासदत्वातून मिळतो का, हे चिटणिसांना स्पष्ट विचारून घ्या. तुमची स्वतःची बोट बुडाली तर त्यात काही मिळत नाही.

७. सेल कोणते? दर रविवारी नवे घ्यायचे का?

मुळीच नाही. बोटीत चार आणि रिमोटमध्ये चार डबल ए लागतात, म्हणजे आपले पेन्सिल सेल. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे आठ सेल एकदाच घ्या, तीन-चार वर्षं जातात. साध्या अल्कलाइन सेलचे चार मिळून ६ व्होल्ट होतात आणि या सेलचे ४.८. पण बोट त्यावर व्यवस्थित चालते. आदल्या रात्री चार्ज करा. "मागच्या आठवड्यात केले होते" म्हणणाऱ्यांची बोट अकराच्या सुमारास तलावाच्या मधोमध शांत होते.

लिथियमचे पॅक काही जण वापरतात. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. वेगळा चार्जर लागतो आणि चार्जिंग चालू असताना शेजारी बसून राहावं लागतं.

८. माळ्यावर जुना ४० मेगाहर्ट्झचा रिमोट पडून आहे. तो लावला तर पैसे वाचतील?

वाचणार नाहीत. त्या काळी प्रत्येकाच्या रिमोटमधल्या क्रिस्टलचा (चॅनेल ठरवणाऱ्या तुकड्याचा) चॅनेल वेगळा असावा लागायचा. एकाच चॅनेलवर दोघांनी रिमोट चालू केले की दोन्ही बोटी वेड्यासारख्या फिरायच्या. म्हणून काठावर चॅनेलच्या चिमट्यांचा फळा असायचा, आणि चिमटा घेतल्याशिवाय कोणी रिमोटला हात लावायचा नाही. २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर ती कटकट संपली. रिमोट आणि बोटीतला रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडणारा भाग) यांची जोडी एकदा जुळवली की वीस बोटी एकत्र चालतात. जुन्या रिमोटसाठी रिसीव्हर शोधण्यापेक्षा बोटीसोबत आलेलाच वापरा, स्वस्त पडेल.

९. वाऱ्याप्रमाणे वेगवेगळी शिडं लागतात म्हणे. सगळी घ्यायची का?

डीएफ-६५ ला शिडांचे चार संच आहेत: ए प्लस, ए, बी आणि सी. बोटीसोबत ए येतो. ए प्लस सर्वांत उंच, मंद वाऱ्यासाठी. बी आणि सी क्रमाने लहान, जोराच्या वाऱ्यासाठी. डोलकाठीसकट अख्खा संच बदलला जातो.

पहिल्या वर्षी फक्त ए. वारा इतका वाढला की बोट नाक पाण्यात खुपसून थांबायला लागली, तर त्या दिवशी चहा घ्या आणि बाकीच्यांना बघा. दुसऱ्या वर्षी बी घ्या, कारण ए आणि बी मिळून बहुतेक रविवार भागतात. ए प्लस नंतर. आमच्यासारख्या झाडांनी वेढलेल्या तलावावर ते उपयोगी पडतं, पण त्याच्यावाचून कोणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. सी माझ्याकडे सहा वर्षांत नाही. तलाव उघड्या माळावर किंवा समुद्राजवळ असेल तर हा क्रम बदला.

१०. शर्यतीचे नियम किती पाठ करावे लागतात?

सुरुवातीला चार. खऱ्या शिडाच्या जहाजांच्या शर्यतींना जे नियमांचं पुस्तक आहे तेच इथेही लागू होतं. रेडिओच्या बोटींसाठी त्यात 'ई' हे वेगळं परिशिष्ट आहे.

पहिला: वारा उजव्या कुशीवर घेतलेली बोट म्हणजे स्टारबोर्ड, तिला वाट द्यायची. दुसरा: दोघांचा वारा एकाच कुशीवर असेल तर वाऱ्याकडच्या बोटीने दूर राहायचं. तिसरा: मागून येणाऱ्याने पुढच्याला धडकायचं नाही. चौथा: चूक झाली किंवा बोयाला बोट लागली तर बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि पुढे जायचं. बोयाजवळ कोणाला जागा द्यायची याचे बारकावे आहेत. चार बोटलांबीच्या आत आलं की ते सुरू होतात, पण ते तुम्ही ओरडा खात खात शिकाल. "बावीस, स्टारबोर्ड!" (बावीस हा तुमच्या शिडावरचा नंबर) असं कोणी खेकसलं तर घाबरू नका. तोच माणूस नंतर तुमची दोरी बांधून देतो.

११. बोट मध्येच अडकली तर कोण आणणार?

बहुतेक वेळा वाराच तिला समोरच्या काठाला लावतो, पंधरा मिनिटं धीर धरा. शेवाळात अडकली तर क्लबची छोटी नाव जाते, आणि तीत बसणाऱ्याने लाइफ जॅकेट घालायचं. काही जण टेनिसच्या चेंडूला लांब दोरी बांधून तो बोटीपलीकडे फेकतात आणि हळूच ओढून घेतात. हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाण्यात उतरू नका. २०० पौंडांच्या बोटीसाठी थंड पाण्यात शिरणं हा वेडेपणा आहे. उन्हाळ्यात निळं-हिरवं विषारी शेवाळ धरतं, तेव्हा आम्ही तलावाकडे फिरकतही नाही.

१२. आत पाणी गेलं तर बोट संपली का?

हे मी स्वतः भोगलंय. नोव्हेंबर, पावसाची भुरभुर. डेकवरच्या झाकणाभोवती पारदर्शक टेप लावली, पण डेक पुसलाच नव्हता. ओल्यावर टेप धरत नाही. तिसऱ्या शर्यतीत बोट जडावली, वळायला आळस करायला लागली. मी वाऱ्याला शिव्या देत राहिले. काठाला आणून झाकण काढलं तर आत पाऊण कप पाणी आणि रिसीव्हर त्यात पोहत होता.

असं झालं तर लगेच सेल काढा, पाणी ओता, सगळं उघडं ठेवून उबदार जागी दोन दिवस वाळवा. डब्यातल्या तांदळात खुपसायचा सल्ला सगळे देतात. मी तेही केलं आणि जोडणीत तांदळाची पावडर शिरली ती वेगळी. रिसीव्हर वाचला नाहीच, नवा घ्यावा लागला.

आता मी बाहीने डेक कोरडा पुसते, मगच टेप लावते. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड रबरबँडने बांधते. पोकळीत बबल रॅपची गुंडाळी कोंबलेली असते. खाली शिशाचा गोळा असल्यामुळे ही बोट पाणी भरलं की तरंगत नाही, थेट तळाला जाते. ती गुंडाळी तिला धरून ठेवते आणि फुकट मिळते.

१३. सुरुवात स्वस्त, मग खर्च वाढतच जातो. असंच ना?

खरं बोलायचं तर हो, पण तो बोटीमुळे वाढत नाही. तीन-चार महिने सलग मागे राहिलं की माणसाला वाटतं, बोटीतच काहीतरी कमी आहे. मग नवा सर्व्हो, महागडा रिमोट, दुसरी बोट.

आमच्या क्लबात यावर एक औषध आहे. नवखा कुरकुरायला लागला की आमच्यातला सगळ्यात पटाईत गडी दोन शर्यतींसाठी त्याच्याशी बोट बदलतो. नवख्याची "खराब" बोट पहिली येते आणि पटाईताची बोट घेऊन नवखा पुन्हा शेवटून दुसरा. माझ्याबाबतीत हे झालं तेव्हा कानशिलं तापली होती, पण कार्टमध्ये टाकून ठेवलेला ८० पौंडांचा रिमोट मी त्याच रात्री काढून टाकला.

मोठ्या बोटींचा मोह होणारच. डीएफ-९५ ही थोरली बहीण ९५ सेंटिमीटरची आहे. जास्त वाऱ्यात ती छान चालते आणि किमतीत फार उडी नाही. त्यापुढे आयओएम, म्हणजे इंटरनॅशनल वन मीटर. लांबी एक मीटर, वजन किमान ४ किलो, हा वर्ग, म्हणजे एकाच नियमांत बसणाऱ्या बोटींचा गट, १९८८ पासूनचा. त्यात रचना ज्याची त्याची असते, म्हणून नवी चांगली बोट हजारांत जाते. तिथे जाऊ नका असं म्हणत नाही. फक्त ६५ मध्ये तुम्ही पहिल्या तिघांत येऊ लागेपर्यंत थांबा.

१४. बोट घरी बनवली तर आणखी स्वस्त पडेल ना?

हाताला सवय असेल तर पडेल. आरजी-६५ हा वर्ग त्यासाठीच बरा: लांबी ६५ सेंटिमीटर, शिडांचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त २२५० चौरस सेंटिमीटर, बाकी बऱ्यापैकी मोकळीक. बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी, शिडांना पुष्पगुच्छाभोवती गुंडाळतात तसली फिल्म. फुटी म्हणून त्याहून छोटा वर्ग आहे, जेमतेम १२ इंचांचा. पण तुमच्या क्लबात आरजी-६५ पळत नसेल तर बोट बनवून एकटेच फिरत बसाल (प्रश्न ४ पाहा). आणि डीएफ-६५ च्या शर्यतीत ती धरली जात नाही, लांबी सारखी असली तरी.

१५. मी आणि मुलगी दोघींना खेळायचंय. दोन बोटी घ्याव्या लागतील?

नाही. एकाआड एक शर्यत घ्या आणि निकालात दोघींची नावं वेगळी लिहायला सांगा. आमच्याकडे हे चालतं, पण मोठ्या स्पर्धांत चालत नाही. मुलगी दहा-अकराची असेल तर आधी रिमोट तिच्याच हातात द्या. लहान मुलं वारा पटकन वाचतात. दुसरी बोट लागलीच तर ती प्रश्न ५ प्रमाणे जुनी घ्या.

१६. माझा शिडावरचा नंबर आणि दुसऱ्याचा एकच निघाला. आता?

आपल्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शिडावर असतात, म्हणून असं होतं. दोघांपैकी एकाने आकड्याआधी १ लावायचा, म्हणजे ४७ चा १४७. त्यासाठी शिडावर आकड्याच्या आधी जागा मोकळी सोडावी लागते. चिकटवतानाच सोडा, नंतर उपटताना फिल्म फाटते. कोणी लावायचा यावर भांडू नका, क्लबात नंतर आलेल्याने लावावा.

१७. मी क्लब चालवतो. नवीन लोक येतात, दोन महिन्यांत गायब होतात. स्वस्त आणखी काय करू?

पैशामुळे गेले असं प्रत्येकाच्या बाबतीत समजू नका. काठावर कोणी बोललं नाही म्हणून गेलेलेही पुष्कळ असतात. आम्ही केलेल्या काही गोष्टी सांगते. नवख्यासोबत पहिले तीन रविवार एक जुना सभासद उभा राहतो, स्वतःची बोट न चालवता. गेल्या शर्यतीतला पहिला पुढच्या वेळी वीस सेकंद उशिरा निघतो. सुटे भाग एकत्र मागवतो, टपालखर्च वाटला जातो. तुटक्या बोटींच्या भागांचा एक डबा आहे, त्यातून लागेल ते घ्या आणि जमेल ते टाका. आणि दर हंगामाला नवा वर्ग सुरू करण्याची हौस आम्ही बैठकीत मतदानाने मारली. एका छोट्या क्लबात तीन वर्ग झाले की प्रत्येक शर्यतीत चारच बोटी उरतात.

१८. समुद्रकाठी किंवा खाडीत चालवली तर?

चालते, पण घरी आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा. लोखंडी कड्या आणि तारांची टोकं आधी गंजतात.

१९. भारतात जाताना विमानातून नेता येईल?

किल, सुकाणू आणि डोलकाठी काढून नेता येते. शिशाचा गोळा केबिनच्या बॅगेत ठेवू नका, स्कॅनरवर तो संशयास्पद दिसतो, चेक-इन करा. लिथियमचे सुटे पॅक असतील तर उलटं, ते केबिनमध्येच न्यायचे. प्रश्न ७ मधले साधे सेल असतील तर काळजी नाही.

२०. पुण्या-मुंबईत आम्ही चौघांनी सुरू करायचं ठरवलं तर?

करा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यावाचून खुला आहे. बाहेरून रेडिओ मागवला तर कस्टममध्ये वायरलेस मंजुरीचा प्रश्न निघू शकतो. म्हणून रिमोट-रिसीव्हर भारतातल्याच छंदाच्या दुकानातून घ्या आणि बोट आरजी-६५ च्या मापात घरी बनवा. चौघांनी एकच आराखडा ठरवला की तुमचाही एकसारख्या बोटींचा वर्ग झाला.

अडचण पाण्याची आहे. पवई आणि पाषाण तलावांवर जलपर्णी पसरली की किल त्यात रुततो आणि बोट हलत नाही. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर चारही बाजूंनी इमारती, वारा कुठून येणार? शेततळ्यावर वारा मस्त असतो, पण प्लास्टिक अंथरलेल्या उतारावरून पाय घसरला तर माणसाला वर येता येत नाही. तिथे मुलांना नेऊ नका आणि स्वतः गेलात तर दोरी आणि दुसरा माणूस हवाच. तलाव महापालिकेचा आहे की पाटबंधारे खात्याचा ते आधी विचारून लेखी परवानगी घ्या. अर्जात "रिमोट बोट" असं नुसतं लिहू नका, "विनामोटर, शिडाची, ६५ सेंटिमीटर" असं लिहा. नाहीतर समोरच्याला स्पीडबोट वाटते आणि अर्ज तिथेच अडकतो.